हंगाम संपण्याआधी : कोकणातील नेपाळी कामगार गुन्ह्याला बळी पडल्यास काय करावे

ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास देवगड, राजापूर, रत्नागिरीकडच्या आंब्याच्या कलमांच्या बागांत नेपाळी माणसे राखणीला येतात आणि शेवटची पेटी रवाना झाली, की पाऊस लागण्याच्या बेतात परत जातात. मिरकरवाडा, हर्णै, साखरी नाटे यांसारख्या बंदरांवरचे वेळापत्रक थोडे वेगळे आहे. राज्यातील मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असल्याने खलाशी ऑगस्टच्या तोंडावर येतात आणि मे महिन्याच्या अखेरीस हिशेब करून गावी जातात. यांच्यापैकी कोणाला मारहाण झाली, कोणाची वर्षाची कमाई लुटली गेली किंवा कोणाला मांगरात, म्हणजे बागेतल्या झोपडीत, डांबून ठेवले, तर कायद्यात तरतुदी कमी नाहीत. खटला बुडतो तो बहुधा वेगळ्याच कारणाने. माणूस हंगामाबरोबर निघून जातो, त्याचा पत्ता अर्धवट लिहिलेला असतो, समन्स परत येते आणि मुख्य साक्षीदाराविना प्रकरण विझते. म्हणून खालची प्रत्येक पायरी हा माणूस जूनमध्ये येथे नसेल असे धरूनच लिहिली आहे. लेख मुख्यतः बागायतदार, नाखवे (बोटींचे मालक), दुकानदार आणि शेजारी यांच्यासाठी आहे, कारण पोलीस ठाण्याच्या पायरीवर अशा माणसासोबत उभे राहणारे बहुधा तेच असतात.

आधी एक गैरसमज दूर करू

‘तो परदेशी, त्याची तक्रार येथे कशी चालेल?’ हा प्रश्न वाडीत हमखास निघतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीचा नवा कायदा, जी १ जुलै २०२४ पासून लागू आहे, पीडित म्हणजे कोण हे सांगताना ‘व्यक्ती’ हा शब्द वापरते, ‘नागरिक’ हा नाही. राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताचे संरक्षणही प्रत्येक व्यक्तीला आहे. १९९८ साली हावडा स्थानकाच्या यात्री निवासात एका बांगलादेशी महिलेवर सामूहिक बलात्कार झाला होता. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली, ती भारतीय नसली तरी हे संरक्षण तिला आहे, असे स्पष्ट सांगून रेल्वेने द्यावयाची १० लाख रुपयांची भरपाई कायम केली. फिर्याद देण्यासाठी आधार कार्ड लागत नाही. नेपाळी नागरिकांची गोष्ट तर आणखी सोपी आहे. ३१ जुलै १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री करारानुसार त्यांना येथे राहण्यास व काम करण्यास मुभा आहे आणि व्हिसाचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे ‘तक्रार केलीस तर हाकलून देतील’ ही धमकी पोकळ आहे, हे त्यांना पहिल्याच दिवशी समजावून सांगावे.

व्हिसा आवश्यक असलेल्या देशातून कागदपत्रांशिवाय आलेल्या व्यक्तीची स्थिती मात्र निराळी आहे. पीडित म्हणून तिचे हक्क तेच राहतात, पण बेकायदा वास्तव्याबद्दल तिच्यावर वेगळी कारवाई होऊ शकते. अशा वेळी जखमेवरील उपचार न थांबवता, पोलीस ठाण्यात जाण्यापूर्वी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाशी बोलणे शहाणपणाचे ठरते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची मदतवाहिनी १५१०० ही आहे.

पहिली पायरी : दवाखाना, आणि तेथे सांगितलेले पहिले वाक्य

प्रसंग चालू असेल तर ११२. तो ओसरल्यावर मात्र आधी दवाखाना, मग ठाणे. ‘पोलिसांची यादी (म्हणजे ठाण्याचे पत्र) आणा, मग तपासतो’ असे कोणी म्हणाले तर ते चुकीचे आहे, कारण जखमीवर आधी उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय १९८९ पासून आहे. डॉक्टर प्रकरणाची एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायचे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण, म्हणून नोंद करतात आणि ठाण्याला कळवतात.

येथे एक चूक वारंवार होते आणि ती पुढे दुरुस्त करता येत नाही. घाबरलेला माणूस डॉक्टरांना ‘कातळावरून पडलो’ असे सांगतो, कारण मारणारा किंवा त्याचा माणूस बाहेर जीपमध्ये बसलेला असतो. तीच नोंद वर्षभराने न्यायालयात आरोपीचा वकील वाचून दाखवतो. म्हणून तपासणीच्या वेळी सोबत मालकाचा किंवा मुकादमाचा माणूस नसावा आणि कोणी, कशाने, कधी मारले एवढे तरी डॉक्टरांनी लिहून घ्यावे, असा आग्रह धरावा.

दुसरी गोष्ट क्ष-किरण तपासणीची. साधी दुखापत हा भारतीय न्याय संहितेत अदखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत. हाड मोडले, दात तुटला किंवा माणूस १५ दिवस तीव्र वेदनेत राहिला अथवा नेहमीचे काम करू शकला नाही, तर ती गंभीर दुखापत होते आणि गुन्हा दखलपात्र ठरतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात क्ष-किरणाची सोय नसेल तर ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात पाठवण्याची चिठ्ठी त्याच दिवशी मागून घ्यावी. बोटाचे हाड मोडले आहे हे चार आठवड्यांनी कळून फारसा उपयोग नसतो. रक्ताचे कपडे धुऊ नयेत. ते वाळवून कागदी पिशवीत ठेवावेत, प्लॅस्टिकमध्ये ते कुजतात.

दुसरी पायरी : ठाण्यात जाण्यापूर्वी एक कोरा कागद

या पायरीला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो, कारण यातली चूक मी स्वतः केलेली आहे. एका खलाशाची तक्रार लिहून देताना त्याने घटना ‘मंसिर १० गते’ला (गते म्हणजे तारीख) घडल्याचे सांगितले. मंसिर म्हणजे मार्गशीर्ष हे मला ठाऊक होते, म्हणून मी आपल्या पंचांगातील मार्गशीर्ष शुद्ध दशमी काढून डिसेंबरातली तारीख लिहिली. नेपाळी महिने सौर असतात आणि त्यांचा मंसिर नोव्हेंबरच्या मध्यावरच सुरू होतो. घटना २५ नोव्हेंबरच्या आसपासची होती. दवाखान्याचा कागद नोव्हेंबरचा आणि तक्रार डिसेंबरची, हा घोळ निस्तरण्यासाठी नंतर पुरवणी जबाब द्यावा लागला.

तेव्हा तारीख विचारताना ‘शनिवारच्या बाजाराच्या आदल्या दिवशी का? एकादशीच्या आधी की नंतर?’ असे विचारून ती आपल्या दिनदर्शिकेवर बोट ठेवून निश्चित करावी. सालाचे गणित असे आहे : विक्रम संवताच्या वैशाखापासून पुसच्या मध्यापर्यंतच्या तारखांसाठी ५७ वजा करावेत आणि तेथून चैतअखेरपर्यंत ५६. नागरिकता प्रमाणपत्रावर जन्म संवत २०६५ च्या फागुनातला असेल, तर तो २००९ सालचा फेब्रुवारी-मार्च होतो. वय अठराच्या अलीकडचे की पलीकडचे यावर कित्येकदा कोणता कायदा लागू होणार हे ठरते, म्हणून हे गणित दोघांनी वेगवेगळे करून ताडून पाहावे.

नाव आणि पत्ता लिहितानाही अशीच काळजी घ्यावी. नेपाळी नागरिकता प्रमाणपत्र देवनागरीतच असल्यामुळे आपल्याला सारे कळले असे वाटते, पण त्यातले ‘थर’ म्हणजे आडनाव, हे पटकन लक्षात येत नाही. जुन्या प्रमाणपत्रांवर ‘गा.वि.स.’ (गाउँ विकास समिति) असा पत्ता असतो. २०१७ साली ती रचना बदलून गाउँपालिका व नगरपालिका आल्या. समन्स पोहोचायचे असेल तर जिल्हा, आजची पालिका, वडा (प्रभाग) क्रमांक, वडिलांचे नाव आणि गावाकडील एका नातेवाइकाचा फोन इतके तरी कागदावर हवे. सुदूर पश्चिमेकडून बनबसा किंवा गौरीफंटा नाक्यावरून आलेला माणूस नुसते ‘नेपाळ, जिल्हा कैलाली’ असे सांगून मोकळा होतो आणि ठाण्यातही तेवढेच उतरते.

त्याच कागदावर गेलेल्या वस्तूंची यादी किमतीसह करावी. ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी नव्या कायद्यात अदखलपात्र धरली जाते, त्यामुळे मोबाइल, रोकड, चांदीची साखळी हे सगळे मिळून किती होते ते मोजून लिहिणे महत्त्वाचे आहे. मोबाइलचा आयएमईआय क्रमांक खोक्यावर असतो. तो मिळाल्यास तक्रारीच्या प्रतीच्या आधारे सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर हँडसेट बंद करता येतो.

तिसरी पायरी : फिर्याद

कोणत्या ठाण्यात जायचे, यावर वेळ घालवू नये. हद्द कोणतीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवून घेणे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार बंधनकारक आहे. ती शून्य क्रमांकाने नोंदवून पुढे योग्य ठाण्याकडे पाठवली जाते. दखलपात्र गुन्हा उघड दिसत असेल तर नोंद टाळता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ सालीच ठरवले आहे. बोटीवर घडलेल्या मारहाणीचे उदाहरण घ्या. तांडेलाने (बोट चालवणाऱ्या प्रमुखाने) खलाशाला खोल समुद्रात मारले आणि बोट चार दिवसांनी बंदराला लागली, तर जयगड, नाटे, आचरा यांपैकी जे सागरी पोलीस ठाणे जवळ असेल तेथे जावे. प्रवासात घडलेल्या गुन्ह्याचा खटला, ज्यांच्या हद्दीतून तो प्रवास झाला त्यांपैकी कोणत्याही न्यायालयात चालू शकतो. गावी जाताना गाडीत गुंगीचे औषध देऊन लुटल्याचे प्रकारही होतात. त्या वेळी पुढच्या स्थानकाची वाट न पाहता रेल्वेच्या १३९ या मदतवाहिनीवर कळवावे आणि तिकीट तपासनीस किंवा रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाकडून फिर्यादीचा नमुना भरून द्यावा.

तक्रार लेखी द्यावी. ती हिंदीत असली तरी हरकत नाही. तोंडी सांगायची असल्यास दुभाषा कोण आहे याकडे लक्ष ठेवावे. टोळी घेऊन आलेला मुकादम हा बहुधा एकमेव चांगले मराठी बोलणारा असतो आणि त्याचे हितसंबंध मालकाशी जोडलेले असतात. त्याने सांगितलेली मारहाण कागदावर येईपर्यंत ‘बाचाबाची’ होऊन जाते. दुसऱ्या बागेतला नेपाळी किंवा हिंदी नीट जाणणारा शिक्षक यापेक्षा कितीतरी बरा. लिहून झालेली खबर वाचून दाखवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. ती त्या माणसाला कळेल अशा भाषेत समजावून झाल्याशिवाय सही किंवा अंगठा करू देऊ नये. एफआयआरची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. पोर्टलवरून किंवा ईमेलने खबर दिली असेल तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते, हे विसरू नये. तपासात नंतर घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते, त्यामुळे सही न घेतल्याबद्दल संशय धरण्याचे कारण नाही.

ठाणे अंमलदार एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) देऊन बोळवण करत असतील तर त्याचे कारण विचारावे. दुखापत साधी असेल तर ते बरोबरही असू शकते. पण सुरीने, कोयत्याने किंवा अशाच घातक शस्त्राने केलेली दुखापत साधी असली तरी दखलपात्र आहे, तसेच डांबून ठेवणे आणि जबरी चोरीही. तीन वर्षे किंवा अधिक, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांची प्राथमिक चौकशी पोलीस करू शकतात. ती चालू असेल तर तारीख मागून घ्यावी. नोंदच नाकारली तर तक्रारीचा सारांश पोलीस अधीक्षकांना टपालाने, पोचपावतीसह पाठवावा आणि तेथेही दाद न मिळाल्यास प्रतिज्ञापत्र जोडून प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. हे टप्पे याच क्रमाने पार करावे लागतात, म्हणून पोचपावती जपून ठेवावी.

मजुरी आणि उचल

‘मजुरी बुडवली’ एवढेच लिहिले की ठाण्यातून ‘ही दिवाणी बाब, कामगार कार्यालयात जा’ असे उत्तर येते आणि पुष्कळदा ते योग्यही असते. पण मजुरी मागितली म्हणून मारले, फोन व नागरिकता प्रमाणपत्र काढून घेतले, उचल फिटेपर्यंत बागेबाहेर जाऊ दिले नाही, या प्रत्येक कृतीचा गुन्हा वेगळा आहे. तक्रारीत त्या कृती आधी, तारीखवार लिहाव्यात आणि थकलेल्या रकमेचा उल्लेख शेवटी करावा. उचल देऊन माणसाला अडकवून ठेवणे हे १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याखाली येते. त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. त्याबाबतचा अर्ज जिल्हाधिकारी किंवा तहसीलदारांकडेही करता येतो. आमच्याकडचे बहुतेक बागायतदार माणसाला घरच्यासारखे वागवतात हे खरेच आहे. म्हणूनच जो तसे वागवत नाही त्याच्यावर पांघरूण घालण्याची गरज इतरांना वाटू नये.

चौथी पायरी : मधले महिने

गुन्हा नोंदल्यानंतरचे दडपण हे पोलिसी नसते, गावचे असते. गावकीची बैठक बसते, दहा-वीस हजार रुपये पुढे ठेवले जातात आणि ‘पुढच्या वर्षी कामाला यायचे आहे ना?’ असे विचारले जाते. काही गुन्हे कायद्यानेच तडजोडयोग्य आहेत आणि त्या माणसाला तडजोड हवी असेल तर तो त्याचा अधिकार आहे. मात्र ती न्यायालयापुढे, त्याला कळलेल्या शब्दांत व्हावी. कोऱ्या स्टॅम्प पेपरवरचा अंगठा म्हणजे तडजोड नव्हे. धमकी आली तर ती नव्या तक्रारीचा विषय आहे आणि जिल्हा स्तरावर साक्षीदार संरक्षणासाठी अर्जही करता येतो. ज्या मांगरात मारहाण झाली तेथेच त्याला रात्री झोपावे लागू नये, याची व्यवस्था शेजाऱ्यांनी करावी; कायद्याच्या कलमांपेक्षा पहिल्या आठवड्यात तिचा उपयोग अधिक होतो.

पुरावा असलेला फोन बदलू नये आणि ध्वनिमुद्रण केवळ व्हॉट्सअॅपवर पाठवून मूळ पुसून टाकू नये. जेटीवरील किंवा पेट्रोल पंपावरील सीसीटीव्हीचे चित्रण थोड्याच दिवसांत पुसले जाते, म्हणून ते ताब्यात घ्यावे असा लेखी अर्ज तपासी अंमलदाराला पहिल्या एक-दोन दिवसांतच द्यावा. तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत पीडिताला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे.

पैसे फोनवरून फसवून काढले गेले असतील, तर या सगळ्याच्या आधी १९३० या सायबर मदतवाहिनीवर फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी ती गोठवण्याची संधी काही तासांचीच असते.

स्त्रिया, मुले, आणि मृत्यू

लैंगिक गुन्ह्यात खबर महिला अधिकाऱ्याने नोंदवून घ्यायची असते, वैद्यकीय तपासणी खबर मिळाल्यापासून २४ तासांत व्हायला हवी आणि सरकारी वा खासगी कोणत्याही रुग्णालयाला मोफत उपचार नाकारता येत नाहीत. १८१ ही महिलांसाठीची आणि १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे. राखणदाराच्या मुलीवर अत्याचार झाल्याचे कळले, तर तो पोलिसांना कळवणे पोक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या, कायद्याने शेजाऱ्यावरही बंधनकारक आहे आणि गप्प राहणे शिक्षापात्र आहे. पीडितेचे नाव किंवा ‘अमक्याच्या बागेतली’ असा ओळख पटवणारा उल्लेख वाडीच्या ग्रुपवर टाकणे हाही गुन्हा आहे.

खून झाला असेल तर कायदेशीर वारसही पीडितच धरले जातात. नातेवाईक सीमेपलीकडून पोहोचायला काही दिवस लागतात, तेव्हा मृतदेह शवागारात ठेवण्याची लेखी विनंती लगेच करावी आणि नवी दिल्लीतील नेपाळी दूतावासाला कळवावे. नातेवाईक परत जाण्यापूर्वी शवविच्छेदन अहवालाची व एफआयआरची प्रत आणि मृत्यूचा दाखला त्यांच्या हाती असावा. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. ती राहून गेली तर केवळ दाखल्यासाठी त्यांना पुन्हा इतक्या लांबून यावे लागते.

शेवटची पायरी : मे महिना

आंबा उतरत आला, की पुढील कामे निदान पंधरा दिवस आधी सुरू करावीत. प्रकरण गंभीर असेल तर पीडिताचा जबाब न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे कलम १८३ खाली नोंदवून घ्यावा, असा अर्ज तपासी अंमलदाराकडे द्यावा. दोषारोपपत्र दाखल झाले असेल तर सरकारी वकिलांना भेटून साक्षीची तारीख हंगामात, म्हणजे नोव्हेंबर ते मे दरम्यान, मागावी. ऑगस्टमध्ये साक्ष लागली तर बागेतला माणूस गैरहजर राहणार, हे त्यांना आधी सांगितल्याशिवाय ठाऊक होत नाही. दृक्‌श्राव्य माध्यमातून साक्ष घेण्यास नव्या संहितेत वाव आहे, आणि महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात, साक्षीदार अमेरिकेत असताना, सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली ती पद्धत मान्य केलेली आहे. सरकारी वकिलांना साहाय्य करण्यासाठी पीडिताला न्यायालयाच्या परवानगीने स्वतःचा वकीलही देता येतो.

भरपाईचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, म्हणजे अलिबाग, रत्नागिरी किंवा ओरोस येथे, कलम ३९६ खाली करायचा असतो. आरोपी सापडला नसला तरी तो करता येतो आणि चौकशी दोन महिन्यांत पूर्ण करायची असते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. रक्कम मालकाच्या किंवा मुकादमाच्या खात्यावर मागवू नये. प्रमाणपत्रावरील नाव, एफआयआरमधील नाव आणि बँकेतील नाव अक्षराअक्षराने जुळते का, हे अर्ज देण्यापूर्वी पाहावे. ‘चौधरी’ आणि ‘चौधरि’ एवढ्या फरकावरून अर्ज अडकू शकतो.

निघण्याच्या आदल्या दिवशी एफआयआर, दवाखान्याचे कागद, पोचपावत्या आणि अर्जांच्या प्रतींचा एक संच त्याच्या पिशवीत आणि एक येथे विश्वासाच्या घरी ठेवावा. सीमा ओलांडली की त्याचे भारतीय सिम बहुधा बंद पडते, म्हणून ९७७ ने सुरू होणारा त्याचा किंवा भावाचा नेपाळी क्रमांक लिहिलेला अर्ज ठाण्यात आणि सरकारी वकिलांच्या कार्यालयात देऊन त्यावर शिक्का घ्यावा, आणि तोच क्रमांक आपल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर, पुढच्या तारखेच्या चौकोनात, लिहून ठेवावा.